वर्गांतील बिनतारी पडदा

त्र्यंबकेश्वरास येणारा यात्रेकरू कुशावर्तावर स्नान करतो, देवदर्शन घेतो, ब्रह्मगिरीकडे एकवार पाहतो आणि नाशिकच्या वाटेस लागतो. भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके हे ह्याच गांवीं ता. ३० एप्रिल १८७० रोजीं जन्मले, हें त्यास सहसा कोणी सांगत नाहीं. येथील मुलांस मात्र तें ठाऊक असलें पाहिजे. आणि त्याबरोबर आणखी एक लहानशी गोष्टही ठाऊक असलेली बरी. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट १९१३ सालीं मुंबईस लोकांपुढें आला. त्याच्या आदल्या वर्षीं फाळक्यांनीं वाटाण्याचें रोप लावून त्याचीं छायाचित्रें महिनाभराहून अधिक काळ क्रमाक्रमानें घेतलीं, आणि त्या रोपाची सारी वाढ थोड्या क्षणांत पडद्यावर दाखविली. धंद्यास भांडवल मिळावें म्हणून केलेला तो प्रयोग होता. पण शिक्षकी पेशांतील आम्हां लोकांस त्यांत निराळेंच कांहीं दिसतें. वर्गांत महिनाभर डोळे लावून बसलें तरी जी वाढ दिसत नाहीं, ती पडद्यानें दाखविली. फाळक्यांचे वडील मुंबईच्या विल्सन कॉलेजांत संस्कृत शिकवीत असत. तेव्हां शिकविण्याचें वळण घरांतूनच आलें असावें.

भिंतीवर पडणारें मोठें चित्र मात्र फाळक्यांच्याही आधींचें. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन ह्यांनीं १८९२ सालापासून 'शांबरिक खरोलिका' ह्या नांवानें मॅजिक लँटर्नचे खेळ केले. शांबरिक म्हणजे मायावी आणि खरोलिका म्हणजे दिवा. काचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्यापुढें सरकवावयाचीं, भिंगांतून तीं पडद्यावर पाडावयाचीं आणि त्यांबरोबर कथा सांगावयाची, असा तो खेळ. मिशनच्या लोकांनींही हाच कंदील खेडोपाडीं नेला आणि शुभवर्तमानांतील दृष्टांतांपासून आरोग्याच्या धड्यांपर्यंत पुष्कळ कांहीं त्याच्या उजेडांत सांगितलें. ह्या जुन्या साधनाचा एक गुण ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. चित्र मुकें असे. म्हणून बोलणारा माणूस लागे. दिव्याजवळ एक गडी उभा राही आणि सांगणारा लोकांकडे तोंड करून मोकळेपणीं बोले.

पुढें शाळेंत संगणक आला, प्रोजेक्टर आला, आणि हा सांगणारा जो मोकळा होता तो बांधला गेला. लॅपटॉपपासून प्रोजेक्टरपर्यंत जाणारी जाड तार फार तर पांच-दहा हात लांब. शिक्षकानें त्या तारेच्या टोकाशीं बसावें, पान उलटण्यासाठीं दर वेळीं टेबलापाशीं धांवावें, आणि मागच्या बाकांवर काय चाललें आहे ह्याचा विचार सोडून द्यावा. तारेच्या टोंकाचे दांत वांकतात, मुलांचे पाय तिच्यांत अडकतात, आणि तासाचीं पहिलीं दहा मिनिटें "चित्र कां येत नाहीं" ह्या शोधांत जातात. हल्लीं वर्गांतून व सभागृहांतून जीं बिनतारी साधनें येऊं लागलीं आहेत तीं ह्या तारेची जागा घेतात. त्यांत जादू कांहीं नाहीं. काय घडतें तें आमच्या वाचकांस समजावून सांगतां येईल असें आम्हांस वाटतें.

मोबाइलच्या पडद्यावर दिसणारें चित्र म्हणजे असंख्य रंगीत ठिपके होत. मोठ्या पडद्यासाठीं हल्लीं जें माप सर्रास वापरतात त्यांत आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास २४ अंक लागतात, आणि हे अंक शून्य किंवा एक एवढेच असतात. चित्र हालतें दिसावें म्हणून सेकंदास तीस चित्रें पाठवावयाचीं, तर दर सेकंदास सुमारें १४९ कोटी अंक हवेंतून जावयास पाहिजेत. (गणिताच्या वर्गांतील मुलांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा.) एवढा भार वर्गांतील साध्या वायफायला झेपणारा नव्हे. म्हणून यंत्र एक युक्ति करतें. फळ्यावर लिहितांना आपण दर शब्दास सगळा फळा पुसून पुन्हां लिहीत नाहीं. जेवढें नवें तेवढेंच लिहितों. यंत्रही आधींच्या चित्रांत जेवढा बदल झाला तेवढाच बहुतेक वेळां कळवितें, आणि एकाच रंगाचा मोठा भाग असला तर तो थोडक्यांत सांगतें. ह्या संक्षेपाचे जे नियम आज जगभर चालतात त्यांतील एक फार प्रचारांतला नियम २००३ सालीं ठरला. त्याच्या योगानें १४९ कोटींचा भार एखाद्या कोटीवर, पुष्कळदां त्याहूनही खालीं येतो.

हे आटोपशीर केलेले अंक रेडिओ लहरींवर बसून निघतात. ह्या लहरी दिसत नाहींत, पण त्यांची लांबी मोजतां येते: वायफायच्या एका प्रकारांत ती सुमारें साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्यांत सुमारें सहा. पहिली लहर दूर जाते व भिंतीस फारशी जुमानीत नाहीं. दुसरी अधिक माल वाहते, पण लवकर थकते. ह्याहूनही आंखूड, म्हणजे मिलिमीटरांत मोजावयाच्या लहरी जगदीशचंद्र बसु ह्यांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास निर्माण केल्या आणि मधल्या भिंतीपलीकडची घंटा तारेवांचून वाजवून दाखविली. ज्यांस बिनतारी विद्या परदेशांतून तयार होऊन आली असें वाटतें त्यांनीं हें विसरूं नये.

पडद्यामागें किंवा प्रोजेक्टरच्या पाठीशीं बोटभर अथवा लहानशा डबीएवढें एक यंत्र लावलेलें असतें. तें ह्या लहरी ग्रहण करतें, संक्षेप उलगडतें आणि ठिपके पुन्हां मांडून चित्र उभें करतें. ह्या साऱ्यास सेकंदाचा लहानसा अंश लागतो. म्हणून शिक्षकाचें बोट आधीं हालतें आणि पडद्यावरची रेघ मागून येते. नकाशा दाखवितांना ह्यानें कांहीं बिघडत नाहीं. गायनाच्या तासाला मात्र हें साधन टाळावें, ताल चुकतो.

आतां एक भेद असा आहे कीं जो न समजल्यामुळें पुष्कळ शाळांचा पैसा व्यर्थ जातो. चित्र पडद्यावर नेण्याचे मार्ग दोन. पहिल्यांत मोबाइलवर जें दिसतें तेंच हुबेहूब भिंतीवर उमटतें, आरशासारखें म्हणा. ॲपल कंपनीची एअरप्ले ही रीत २०१० ची आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांस चालणारी मिराकास्ट ही रीत २०१२ ची. यंत्रें एकमेकांशीं थेट बोलत असलीं तर ह्यास इंटरनेट लागत नाहीं. दुसऱ्या मार्गांत मोबाइल चित्र पाठवीतच नाहीं. तो पडद्याजवळील यंत्रास केवळ पत्ता सांगतो आणि तें यंत्र स्वतः इंटरनेटवरून चित्र आणतें. २०१३ सालीं निघालेलें क्रोमकास्ट प्रामुख्यानें ह्या रीतीचें. त्याचें उत्पादन २०२४ सालीं थांबलें, पण रीत चालू आहे. ब्रह्मगिरीच्या कुशींतील वाड्यापाड्यांवर, जेथें मोबाइलला रेघ मिळविण्यासाठीं टेकाडावर चढावें लागतें, तेथें दुसरा मार्ग घेऊन काय उपयोग? आमच्या राज्याच्या पाठ्यपुस्तकांत जे चौकोनी क्यूआर कोड छापतात त्यांतील धडे 'दीक्षा' ह्या ॲपवर गांवांत असतांना उतरवून ठेवावे आणि वर्गांत पहिल्या मार्गानें दाखवावे. ह्या क्यूआर कोडांचा वापर सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेंत रणजितसिंह डिसले गुरुजींनीं करून दाखविला, आणि २०२० सालीं त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो अशाच लहान गांवच्या शाळेंतील कामाबद्दल.

परंतु दाखविण्याच्या हौसेलाही मर्यादा असावी. ज्या वर्गाच्या खिडकींतून ब्रह्मगिरि दिसतो त्या वर्गांत ब्रह्मगिरीचें चित्र भिंतीवर टाकणारा शिक्षक आम्हांस तरी पटत नाहीं. (श्रावणांत डोंगर दिवसचे दिवस ढगांत असतो, तेव्हांची गोष्ट वेगळी.) येथें उगम पावलेली गोदावरी १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास कशी मिळते, हें मात्र खिडकींतून दिसत नाहीं. तेथें पडदा हवा.

आमच्या मतें ह्या साधनाचा खरा लाभ चित्रपट दाखविण्यांत नाहींच. तो अगदीं साध्या गोष्टींत आहे. शिक्षक मोबाइल हातांत घेऊन शेवटच्या बाकापर्यंत जातो, एखाद्या मुलाच्या वहीवर कॅमेरा धरतो, आणि त्या मुलाच्या हातचें भूमितीचें उदाहरण सगळ्या वर्गापुढें भिंतीवर उमटतें. फळ्यापर्यंत येण्यास जो बुजतो, खडू हातीं घेतांच ज्याची बोबडी वळते, त्याची रीत जागच्या जागीं बसून चाळीस मुलांस दिसते. तीच बेरीज, तीच आकृति. पण ती आतां वर्गाची झाली. ह्यासाठीं मुलांनीं मोबाइल आणण्याची मुळींच आवश्यकता नाहीं. एक शिक्षकाचा पुरे. पालकांपैकीं पुष्कळांस भीति वाटते कीं असलीं साधनें आलीं म्हणजे मुलास नवा मोबाइल घेऊन द्यावा लागेल. ती भीति ह्या रीतीनें दूर होते.

भिंतीवर मोठी झालेली वही मात्र चुकीसही मोठी करते. वहींतील खोडलेली बेरीज दोन जणांस दिसते, पडद्यावरची सगळ्यांस. म्हणून मुलास आधीं हळूच विचारावें, "तुझें दाखवूं कां?" आणि त्यानें मान हालविली तरच कॅमेरा धरावा. चूकच समजावून द्यावयाची असेल तर पानावरचें नांव हातानें झांकावें. एवढें न करणारा शिक्षक हें यंत्र न वापरील तर बरें. बुजणारें मूल अशा एका तासानें वर्षभर गप्प होतें.

दुसरें जपावयाचें तें शिक्षकाच्या स्वतःच्या मोबाइलपासून. आरसा जें पुढें येईल तें दाखवितो. धडा चालू असतांना घरचा निरोप, बँकेचा गुप्त आंकडा किंवा एखादें खासगी छायाचित्र पडद्यावर येणें ही मुलांच्या करमणुकीची आणि शिक्षकाच्या अडचणीची गोष्ट होय. तास सुरू होण्याआधीं निरोप बंद ठेवण्याची सोय प्रत्येक मोबाइलमध्यें असते. ती वापरावी, आणि सगळा पडदा न दाखवितां एकच ॲप दाखविण्याची सोय असेल तर तीच घ्यावी.

सभागृहांतील कथा थोडी निराळी. पूर्वीं बैठकीस दहा जण आले म्हणजे एकच तार हातोहात फिरे आणि अर्धी सभा तीत जाई. २०१२ सालीं बेल्जमच्या बार्को कंपनीनें असें साधन काढलें कीं लॅपटॉपला एक चकतीवजा बटण जोडावें, तें दाबावें, आणि ज्याचें बटण दाबलें त्याचें चित्र पडद्यावर यावें. किंमत भारी, शाळेनें त्याच्या वाटेस जाऊं नये. पण त्यांतली एक कल्पना पालकसभेस उपयोगी आहे: बोलण्याची पाळी जशी अध्यक्ष देतो, तशी दाखविण्याचीही पाळी अध्यक्षानेंच द्यावी. नाहींपेक्षां एकाचा हिशेब अर्धा वाचून होतो तोंच दुसऱ्याचें छायाचित्र त्यावर येऊन बसतें.

शेजारशेजारच्या दोन खोल्यांत सारखींच यंत्रें असलीं तर आणखी एक धोका असतो. लहरी भिंत ओलांडतात हें आपण वर पाहिलें. शिक्षकांच्या खोलींत परीक्षेची प्रश्नपत्रिका तपासावयास उघडावी आणि यादींतलें चुकीचें नांव दाबल्यामुळें ती नववीच्या वर्गांतील भिंतीवर झळकावी, असें घडणें अगदीं शक्य आहे. म्हणून प्रत्येक यंत्रास खोलीचें स्पष्ट नांव द्यावें, आणि जोडतांना पडद्यावर दिसणारा आंकडा मोबाइलवर टाकल्यावांचून चित्र जाऊं नये अशी योजना ठेवावी. ज्यास तो आंकडा दिसतो तो त्याच खोलींत आहे, इतका तरी भरंवसा त्यानें मिळतो.

येथील पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल ह्याचा नेम नसतो. पडद्याजवळील लहान यंत्र मोबाइल भारण्याच्या पॉवर बँकेवरही चालतें, परंतु प्रोजेक्टर त्यावर चालत नाहीं. तेव्हां खडू व फळा जागच्या जागीं असूं द्यावे. आणि शाळेनें असें साधन विकत घेण्यापूर्वीं दुकानदाराच्या दुकानांत नव्हे, तर आपल्या वर्गांत, तोही मुलांनीं भरलेला असतांना, शेवटच्या बाकावरून लावून पाहावें. ग्राहक-यंत्र मुलांच्या डोक्यांहून उंच आणि लोखंडी कपाटापासून दूर ठेवावें. मनुष्याच्या शरीरांत पाणी पुष्कळ, आणि पाणी ह्या लहरी शोषून घेतें. त्यामुळें रिकाम्या खोलींत झकास चालणारें चित्र चाळीस मुलें बसतांच अडखळूं लागतें.