तोच ब्रँड, चव मात्र वेगळी?

मे महिन्यात आमच्या गोविंदपुऱ्यात पारा चाळिशी ओलांडतो. कोको बटर मात्र 34 अंशांच्या आसपासच वितळतं. दुपारी दुकानात मऊ पडलेलं चॉकलेट रात्री पुन्हा घट्ट होतं, पण त्यातल्या स्फटिकांची मूळ घडण मोडलेली असते. मग चरबी पृष्ठभागावर येऊन पांढुरके डाग दिसतात. ती बुरशी नव्हे, खायला हरकत नाही. तुकडा मोडतानाचा ‘टक्’ आवाज मात्र गेला, आणि माझ्या मते निम्मी मजाही.

दोष उन्हाचाच असतो असं नाही. भारतीय नियमांत कोको बटरखेरीज इतर वनस्पती चरबी 5 टक्क्यांपर्यंत चालते. वेष्टनावर तसं छापावं लागतं. कोको बटरऐवजी सगळी तीच वापरली, की ते ‘कंपाउंड’. उन्हात टिकतं, स्वस्त पडतं, जिभेवर मेणासारखं रेंगाळतं.

पश्चिम आफ्रिकेतलं पीक घटलं आणि डिसेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला 12,000 डॉलरच्या वर गेला. असं झालं की कंपन्या किंमत वाढवतात, वजन घटवतात किंवा कोको कमी करतात. कोको कमी केल्यामुळे ब्रिटनमधल्या ‘पेंग्विन’ आणि ‘क्लब’ बिस्किटांवर 2025 मध्ये ‘चॉकलेट’ऐवजी ‘चॉकलेट फ्लेवर’ असं लिहावं लागलं.

खरेदी करताना घटकांची यादी वाचा. फ्रिजमध्ये ठेवायचंच असेल तर हवाबंद डब्यात ठेवा. नाहीतर शेजारच्या लसणीचा वास त्याला हमखास लागतो.