ऑफिसातून निवृत्त झालेला डेस्कटॉप घेताय?

घरासाठी तयार डेस्कटॉप घ्यायचा तर मी आधी कंपन्यांनी वापरून काढलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क बघतो. दिसायला रुक्ष, पण दणकट.

प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचाच घ्या. आधीचे जवळपास सगळे विंडोज ११ च्या यादीत नाहीत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आय५-८५०० मधला ८ म्हणजे पिढी. आय५-१२४०० मधले १२. दुकानदार नुसतंच "आय-फाइव्ह आहे साहेब" म्हणाला, तर पुढचा आकडा विचारा.

पहिला खर्च एसएसडीचा. जुनी हार्ड डिस्क गेली की मशीन ओळखू येत नाही! मग रॅम: ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावा, ड्युअल चॅनेलचा फायदा मिळतो.

ग्राफिक्स कार्डाच्या मोहात मात्र मी फसलोय. बारीक कॅबिनेटमध्ये कमी उंचीचंच कार्ड बसतं, स्लॉटमधून फार तर ७५ वॅट मिळतात आणि पॉवर सप्लाय बहुधा कंपनीच्या खास मापाचा. माझं कार्ड अजून खोक्यातच आहे. कुणाला हवंय का?