बेकनहॅमची हिरवळ

आपण सहज ‘लॉन टेनिस’ म्हणतो. महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेच्या नावातही लॉन आहे. पुण्यात बालेवाडीला मात्र सामने हार्ड कोर्टवर होतात. नावातली ही हिरवळ मैदानावरून कशी गेली, हे शोधताना मी इंग्लंडमधल्या बेकनहॅमच्या स्पर्धेपाशी पोहोचलो.

बेकनहॅम हे लंडनच्या आग्नेयेचे उपनगर. तिथल्या क्रिकेट क्लबच्या मैदानावर भरणारी केंट परगण्याची टेनिस स्पर्धा 1886 मध्ये सुरू झाली. विम्बल्डन तेव्हा अवघे नऊ वर्षांचे होते. 1965 मध्ये बेकनहॅम केंटमधून निघून बृहन्‌लंडनमध्ये गेले, तरी स्पर्धेच्या नावातले केंट राहिले.

जूनमधली ही स्पर्धा म्हणजे विम्बल्डनची रंगीत तालीम. गवतावर चेंडू घसरतो, कमी उसळतो. मातीच्या कोर्टवर कितीही सराव केला तरी त्याची सवय होत नाही. त्यामुळे नामवंत खेळाडू या क्लबात येत आणि परगण्यातल्या हौशी खेळाडूंबरोबर एकाच स्पर्धेत उतरत.

मग ती बंद का पडली? लोकांचा रस आटला, हे उत्तर मला अपुरे वाटते. मला दोन कारणे दिसतात. पहिले पैशाचे. 1968 पर्यंत मोठ्या स्पर्धा हौशी खेळाडूंसाठीच असत. अधिकृतपणे प्रवास आणि राहण्याचा खर्च दिला की भागे. व्यावसायिकांना दार उघडल्यावर बक्षिसांची चढाओढ लागली. ती छोट्या क्लबाला कशी झेपणार?

दुसरे कारण वेळापत्रकाचे. 1974 पर्यंत चारपैकी तीन ग्रँड स्लॅम गवतावर होत. अमेरिकेने 1975 मध्ये गवत सोडले, ऑस्ट्रेलियाने 1988 मध्ये. उरले एकटे विम्बल्डन. फ्रेंच स्पर्धा संपल्यावर त्याआधी जेमतेम दोन आठवडे मिळत आणि तेवढ्यात क्वीन्स क्लबसारख्या मोठ्या स्पर्धा खेळाडूंना ओढून घेत. 1996 नंतर बेकनहॅमची स्पर्धा झाली नाही.

2015 मध्ये हे अंतर तीन आठवड्यांचे झाले. वाढीव आठवड्यात श्टुटगार्टसारखी व्यावसायिक स्पर्धा मातीवरून गवतावर आली. म्हणजे गवताचा हंगाम वाढला, पण परगण्याच्या स्पर्धेला त्यात जागा नव्हती. विम्बल्डन टिकले म्हणून हिरवळीवरचे टेनिस टिकले, असे आपण समजतो. क्लबातल्या खेळाडूला विजेत्यासमोर उभे राहण्याची संधी देणारे टेनिस मात्र बेकनहॅमबरोबर गेले.