चारचं ऊन आणि बाराचं ऊन

लकडगंजात मे महिन्याचा हिशोब सगळ्यांना पाठ असतो: बाहेरची कामं अकरा-साडेअकराच्या आत उरकायची, तीन-चारला बाहेर पडायचं नाही. ऊन लागू नये म्हणून हा हिशोब बरोबरच आहे. पण तुमच्या मानेवर किंवा जबड्यावर रेडिएशन झालं असेल, तर त्या त्वचेचं घड्याळ वेगळं चालतं.

कारण उष्णता आणि अतिनील किरणं, म्हणजे यूव्ही, या दोन वेगळ्या गोष्टी. सूर्य सर्वात वर असतो तेव्हा यूव्ही सर्वात जास्त. मेअखेरीस नागपुरात ही वेळ साधारण १२ वाजून १० मिनिटं. (२६ मेच्या सुमारास तर उभ्या खांबाची सावलीच गायब होते.) जमीन तापून मग हवा तापते, म्हणून पारा चढतो तीन-चारला. म्हणजे "अजून ऊन कुठे चढलंय" म्हणत सकाळी ११ ला लाकडाचा माल उतरवून घेत उभे राहिलात, तर ४:३० पेक्षा जास्त यूव्ही अंगावर घेताय.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये (आपल्याकडे खर्रा आहे, जास्त सांगायला नको) रेडिएशन जबड्या-मानेवरून जातं. नेमका उघडा राहणारा भाग. तिथल्या पेशींच्या डीएनएने आधीच मार खाल्लेला असतो आणि यूव्हीचा घाव त्याच डीएनएवर पडतो. ही त्वचा पुढे कित्येक वर्षं जपावी लागते. सावळ्या रंगाने थोडं संरक्षण मिळतं, पुरेसं नाही. कॅपेसिटाबीन, मेथोट्रेक्सेट अशी काही औषधंही त्वचा उन्हाला हळवी करतात.

आता आपला दुपट्टा. ओला केला की गार वाटतं, पण पातळ सुती कापड भिजलं की त्यातून यूव्ही जास्त शिरतं! डोक्यावर ओला चालेल. मानेवर कोरडा, घट्ट विणीचा, गडद रंगाचा घ्या. उजेडासमोर धरा, आरपार दिसलं तर तो कामाचा नाही. (खिशातल्या कांद्याचा यूव्हीशी काहीच संबंध नाही.)

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, दर दोन तासांनी पुन्हा. रेडिएशन सुरू असेल किंवा त्वचा सोललेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही लावू नका, हळदसुद्धा नाही.

घड्याळ नसेल तर सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर आडोशाला व्हा. मानेवाड्याच्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला फॉलोअपला ऑटोने जाताना ऊन येत नाही ती बाजू धरा. आणि रेडिएशनच्या जागी नवा डाग, गाठ किंवा न भरणारी जखम दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवून या.