कुंपणाकडेची सदाफुली

फुटक्या बादलीत, कुंपणाच्या कडेला, कुणी पाणी घालो न घालो, सदाफुली फुलतच असते. या मूळच्या मादागास्करच्या झुडपाच्या पानांत जे दडलं आहे, त्याने जगभरातल्या असंख्य मुलांना रक्ताच्या कर्करोगातून बाहेर काढायला हात दिला आहे!

खरं तर शोध चालला होता मधुमेहावरच्या औषधाचा. 1950च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी जमैकाहून आलेल्या पानांचा अर्क उंदरांना टोचला. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर घटल्या. रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात. पुढे याच झुडपातून व्हिन्क्रिस्टिन हे औषध मिळालं आणि 1963 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

ते काम कसं करतं, हे तर आणखी विलक्षण. दुभंगण्याआधी पेशी आपल्या गुणसूत्रांचे दोन सारखे वाटे करते आणि ते दोन टोकांना नेण्यासाठी प्रथिनांचे सूक्ष्म तंतू उभारते. व्हिन्क्रिस्टिन या तंतूंचे सुटे घटकच धरून ठेवतं. तंतू उभे राहत नाहीत, विभाजन अर्ध्यावर अडकतं, पेशी मरते. पण असेच तंतू आपल्या मज्जातंतूंतही असतात, म्हणून उपचारांत काही मुलांच्या बोटांना मुंग्या येतात, पाऊल उचलताना ती अडखळतात. बहुतेकांचा हा त्रास हळूहळू ओसरतो.

एकट्या व्हिन्क्रिस्टिनने मात्र आजार परत उलटायचा. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी 1962पासून अनेक औषधं एकत्र वापरली, उपचार दोन-तीन वर्षं नेटाने चालवले. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगातून आज श्रीमंत देशांत दहापैकी नऊ मुलं बरी होतात. गरीब देशांत उशिरा निदान आणि अर्धवट सुटलेले उपचार यांमुळे किती तरी मुलं हातची जातात, आणि हे मला असह्य वाटतं.

बरी झालेली मुलं मोठी होतात, शिकतात, नोकरी करतात, संसार थाटतात. काही औषधांचा हृदयावर किंवा वाढीवर परिणाम बऱ्याच वर्षांनंतरही दिसू शकतो, म्हणून परळच्या टाटा रुग्णालयात अशा मुलांसाठी 1991पासून वेगळं क्लिनिक चालतं. त्यांचा आजार संसर्गजन्य नव्हता, तो लपवण्याजोगा कलंकही नाही.

सदाफुलीची पानं घरी चावू नका, ती विषारी आहेत. पण मुलाचा ताप हटत नसेल, चेहरा पांढुरका पडला असेल, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठत असतील, तर ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणू नका. डॉक्टरांकडे जा आणि रक्त तपासून घ्या.