घोड्याचा डोळा, माशी आणि घोडेबाजार

मार्गशीर्षातील दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोडेबाजारही. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरच्या प्रांतांतून आणलेली जनावरे तेथे बरेच दिवस एकमेकांशेजारी बांधलेली असतात. गिऱ्हाईक दात पाहते, चाल पाहते, देवमण आणि भोवरे तपासते. डोळ्याच्या कोपऱ्यातून ओघळणाऱ्या पाण्यापाशी मात्र क्वचितच कोणी थांबते. प्रवासात धूळ गेली असेल, असे म्हणून ते पुसून टाकले जाते. पुसण्याचे फडके बहुधा एक असते आणि घोडे अनेक.

घोड्याचा डोळा भूचर प्राण्यांतील सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी एक. डोक्याच्या बाजूस आणि थोडा पुढे आलेला. त्यामुळे चारही बाजूंचे त्याला दिसते, पण गवताची काडी, चाबकाचे टोक, वाहनातील खिळा यांचा मारही त्यालाच बसतो. डोळ्याच्या दर्शनी भागावरील पारपटल, म्हणजे कॉर्निया, जेमतेम एक मिलिमीटर जाडीचे असते. निरोगी डोळ्यातही स्टॅफिलोकॉकस, कोरिनेबॅक्टेरियम यांसारखे जिवाणू असतात. अश्रू त्यांना धुऊन काढतात आणि पारपटलाचा अखंड बाह्यस्तर त्यांना आत शिरू देत नाही. त्या स्तरावर ओरखडा उमटला की दार उघडते. स्ट्रेप्टोकॉकस किंवा स्यूडोमोनास जातीचे जिवाणू जखमेत वाढले, तर त्यांची विकरे आणि शरीराच्या पांढऱ्या पेशींतून सुटणारी विकरे मिळून पारपटलातील प्रथिनांचे धागे विरघळवू लागतात. पारपटल जिलेटिनसारखे लिबलिबीत दिसू लागते. या अवस्थेत एक-दोन दिवसांत डोळा फुटू शकतो.

या साखळीत माशी कोठे येते? घरमाशीला चावण्याचे मुखांग नाही. तिची सोंड स्पंजासारखी असते. अंडी पिकण्यासाठी मादीला प्रथिने लागतात आणि अश्रू व डोळ्याच्या चिपडांत ती आयतीच मिळतात. घन पदार्थ पातळ करण्यासाठी ती पोटातील द्रव त्यावर ओकते. एका घोड्याच्या चिपडांवरून उठलेली माशी मिनिटभरात शेजारच्या डोळ्यावर बसते, तेव्हा पायांवरचे आणि सोंडेतील जिवाणू तेथे पोहोचतात. घरमाशीची जातभगिनी ‘मस्का सॉर्बेन्स’ तर डोळ्यांकडे विशेष ओढली जाते. आफ्रिकेतील गांबियात मानवी खुपरीच्या अभ्यासात कीटकनाशकाने माश्या कमी केल्यावर मुलांच्या डोळ्यांवर बसणाऱ्या माश्या आणि रोग, दोन्ही घटल्याचे आढळले होते. घोड्याची गोष्ट हुबेहूब तीच नाही. पारपटलाचा व्रण बहुधा इजेपासून सुरू होतो. पण माश्यांनी त्रासलेला घोडा खुंट्यावर किंवा पायावर डोळा घासतो आणि ती इजा स्वतःच करून घेतो, हेही विसरता येत नाही. शिवाय हॅब्रोनेमा या जठरातील कृमीच्या अळ्या माश्याच वाहतात. त्या डोळ्याच्या कडेला सोडल्या गेल्या की बऱ्या न होणाऱ्या दाणेदार गाठी उठतात.

विस्तार कार्यकर्त्यांनी पशुपालकांना एक सोपी तपासणी अवश्य शिकवावी. घोड्यासमोर उभे राहून दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापणीचे केस ताडून पाहावेत. निरोगी डोळ्यात ते जवळपास आडवे, पुढे आलेले असतात. दुखऱ्या डोळ्यात खाली झुकतात. दोन्ही डोळ्यांतून पातळ पाणी येत असून घोडा ते सहज उघडे ठेवत असेल, तर धूळ-माशीचा साधा नेत्रदाह संभवतो. एकच डोळा मिटलेला असेल, उजेड सहन होत नसेल, पारपटलावर निळसर ढग किंवा पिवळट ठिपका दिसत असेल, तर व्रण आहे असेच धरून त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा. डोळ्यासोबत नाकातून चिकट स्राव आणि अंगावर गाठी असतील, तर शेंबा म्हणजे ग्लँडर्सची शंका घ्यावी. हा रोग माणसालाही होतो आणि त्याची सूचना पशुसंवर्धन विभागास देणे बंधनकारक आहे.

सर्वाधिक हानी होते ती औषधाच्या दुकानातून विचारून आणलेल्या थेंबांमुळे. प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले थेंब घातले की लाली ओसरते, घोडा बरा वाटतो आणि व्रण मात्र आत खोल जातो. स्टेरॉइड स्थानिक प्रतिकार दाबते आणि पारपटल विरघळण्यास हातभार लावते. व्रण आहे की नाही हे फ्लुरोसिन रंगाच्या पट्टीने काही मिनिटांत कळते: उघड्या पडलेल्या थरावर रंग हिरवा चकाकतो. ही पट्टी स्वस्त आहे, आणि ती वापरल्याशिवाय स्टेरॉइड घालणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही. मीठ, साखर किंवा तंबाखूचे पाणी डोळ्यात टाकण्याचे उपायही दुखऱ्या पारपटलाला नवी इजा करतात. व्रणात बुरशीही असू शकते, म्हणून शक्य असेल तेथे पशुवैद्यक उपचारापूर्वी स्रावाचा नमुना घेतात. पारपटल विरघळू लागले असेल, तर त्याच घोड्याच्या रक्तातून काढलेला रक्तद्रव थेंबांच्या रूपाने वापरतात, कारण त्यातील घटक विध्वंसक विकरांना रोखतात. थेंब दिवसातून अनेकदा, काही वेळा तासातासाला घालावे लागतात. हे काम पशुपालकाचेच, आणि उपचार फसतो तो बहुधा येथेच.

माशीचा बंदोबस्त लिदीपासून सुरू होतो. उन्हाळ्यात अंड्यापासून प्रौढ माशी होण्यास सात ते दहा दिवस पुरतात, डिसेंबरच्या थंडीत त्याहून अधिक लागतात; तरी लांबलेल्या बाजारात एक पिढी सहज निघते. आठवड्यातून किमान दोनदा लीद हलविली, तर हे चक्र तुटते. कोषावस्थेत जाण्यापूर्वी अळ्या ढिगाच्या कडेच्या कोरड्या मातीत उतरतात, म्हणून भोवतालची मातीही खरवडून घ्यावी. ताडपत्रीने झाकलेल्या ढिगाचा गाभा तापून अळ्या मरतात, कडेच्या मात्र जगतात. त्यासाठी ढीग उलथावा. कीटकनाशक भिंतींवर फवारावे, घोड्याच्या तोंडाजवळ कधीही नाही. कपाळावरची दोऱ्यांची झालर बाजारात शोभेसाठी विकली जाते, पण मान हलताच ती माश्या उडवते. ती रोज धुवावी, आणि एका घोड्याची दुसऱ्याला घालू नये. फडक्याचेही तसेच: प्रत्येक डोळ्यासाठी उकळून थंड केलेल्या पाण्यात बुडविलेला कापसाचा स्वतंत्र बोळा घ्यावा आणि वापरल्यावर जाळून टाकावा.