उन्हाळी लागते, पण उन्हामुळे नव्हे

लग्नसराई सुरू झाली की माझ्या दवाखान्यात लघवीला जळजळ होणाऱ्या बायकांची गर्दी वाढते. आपल्याकडे याला ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात. ऊन वाढले, अंगात उष्णता झाली म्हणून त्रास होतो, असा सर्वांचा समज. मग धण्याचे पाणी, सब्जा, वाळा असे उपाय होतात. त्यात वाईट काही नाही. त्या निमित्ताने पोटात पाणी तरी जाते.

गेल्या उन्हाळ्यात कापडाच्या दुकानात काम करणारी एक मुलगी तीन महिन्यांत तिसऱ्यांदा आली. या खेपेला हुडहुडी भरून ताप, उलट्या आणि कंबरेच्या वर एका बाजूला ठणका. मूत्राशयातले जंतू वर मूत्रपिंडापर्यंत पोचले होते. तिला दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक द्यावे लागले. ऐन सराईत पाच दिवसांचा रोज बुडाला तो वेगळाच. घरी सोडताना मी नेहमीप्रमाणे म्हणालो, “पाणी भरपूर पीत जा.” ती म्हणाली, “डॉक्टर, पाणी पिऊन जाऊ कुठे?”

आधीच्या दोन वेळी गोळ्या लिहून देताना मीच तिला हे विचारायला हवे होते. तिचे काम सकाळी दहा ते रात्री साडेआठ. दुकानात चार पुरुष आणि सहा मुली. पुरुष मागच्या बोळात जाऊन येतात. आपल्या गावात पुरुषांना भिंतीची वाण कधीच पडलेली नाही. मुलींसाठी काही सोय नाही. बसस्टँडवर जायचे तर वीस मिनिटे मोडतात आणि शेठ घड्याळाकडे पाहतात. म्हणून सहाही जणींनी एकच मार्ग काढला होता. घरून निघताना चहा घ्यायचा नाही, आणि दिवसभरात जेवणापुरते दोन घोट पाणी.

तेव्हापासून अशा प्रत्येक रुग्णाला मी कामाच्या जागेबद्दल विचारतो. एका शिक्षिकेने सांगितले की शाळेत संडास आहे, पण कुलूप असते आणि किल्ली हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात. चार माणसांसमोर किल्ली मागायची लाज वाटते. एस.टी.च्या एका महिला कंडक्टरने सांगितले की लांब पल्ल्याची ड्यूटी असली की ती आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी करते.

आता यामागचे शरीरशास्त्र. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण वीस सेंटिमीटर लांब असतो, स्त्रीचा जेमतेम चार. शिवाय तो गुदद्वाराच्या जवळ. आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारे ई. कोलाय नावाचे जंतू हा चार सेंटिमीटरचा रस्ता सहज ओलांडतात, आणि असे बहुतेक संसर्ग त्यांच्यामुळेच होतात. निसर्गाने यावर साधा उपाय ठेवला आहे. दर तीन-चार तासांनी लघवी झाली की आत शिरलेले जंतू धुऊन जातात. पाणीच न प्यायल्याने आणि लघवी आठ-आठ तास दाबून ठेवल्याने हे धुणे थांबते. तुंबलेल्या लघवीत जंतूंची वाढ होते. म्हणजे ही उन्हाळी उन्हाची कमी आणि कामाच्या जागेची जास्त.

गरोदरपणात धोका आणखी वाढतो. त्या काळात मूत्रनलिका सैलावतात आणि लघवीचा प्रवाह मंदावतो. कधी कधी जळजळ काहीच नसते, तरी लघवीत जंतू असतात. दुर्लक्ष झाले तर मूत्रपिंडाला सूज येते, दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकते, बाळ कमी वजनाचे होऊ शकते. म्हणून गरोदर बाईची लघवी तपासायची ती त्रास नसतानाही. पाळीच्या दिवसांचे तर विचारूच नका. चार ते सहा तासांनी पॅड बदलावे असे आम्ही सांगतो, पण कुठे बदलावे हे सांगत नाही.

केरळात कोझिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी नेमका हाच प्रश्न धरला. लघवीला जाण्याची सोय नाही आणि दिवसभर उभे राहायचे, ही त्यांची तक्रार. त्यांच्या लढ्यानंतर २०१८ मध्ये केरळ सरकारने कायद्यात दुरुस्ती करून विक्रेत्यांना बसायला जागा देणे मालकांवर बंधनकारक केले. आपल्या मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ ही चळवळ सुरू झाली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा त्यांचा साधा सवाल होता. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात स्त्री-पुरुषांसाठी संडास-मुतारीची अट आहे. जागा अपुरी असेल तर अनेक मालकांनी मिळून सामाईक सोय करावी, अशी मुभाही आहे. लहान दुकाने कायद्याच्या कक्षेत येत नाहीत हे खरे. पण चार नोकर ठेवणाऱ्या दुकानातल्या मुलीचे मूत्राशय काही वेगळे नसते.

दुसऱ्याला शिकवण्याआधी स्वतःचे सांगतो. माझ्या दवाखान्यात एक बाई अकरा वर्षे काम करतात. दवाखान्याला संडास नाही, आमचा वरच्या मजल्यावर, घरात. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी बाईंना विचारले, तेव्हा कळले की त्या दुपारी घरी जाईपर्यंत थांबतात. “वहिनींना कशाला त्रास द्यायचा?” म्हणाल्या. अकरा वर्षे! त्या महिन्यात जिन्याखाली संडास बांधून घेतला.

ते कापड दुकानाचे शेठ माझ्याकडे रक्तदाबासाठी येतात. त्यांना मुलीचे नाव न सांगता हिशेब मांडला : सराईत एक हुशार विक्रेती पाच दिवस नसेल तर काय जाते? ते थोडे रागावलेच. पण पुढच्या खेपेस सांगितले की शेजारच्या दोन दुकानदारांना घेऊन मागच्या गोदामात काम काढले आहे. मी म्हटले, आतून कडी, नळाला पाणी, दिवा आणि झाकणाचा डबा एवढे बघा. आणि किल्ली खिळ्याला टांगा, गल्ल्यात ठेवू नका.

कामावर जाणाऱ्या बहिणींनी दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी प्यावे, उन्हाळ्यात त्याहून जास्त. लघवीचा रंग फिकट पिवळा असावा. गडद दिसला तर पाणी कमी पडते आहे. जळजळ झाली तर अंगावर काढू नका, आणि मेडिकलमधून आपल्या मनाने दोन गोळ्या आणून अर्ध्यावर सोडू नका. त्याने जंतू मरत नाहीत, औषधाला निर्ढावतात. वारंवार त्रास होत असेल तर लघवीचे कल्चर आणि रक्तातील साखर तपासून घ्या. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागले किंवा लघवीतून रक्त गेले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदर असाल तर नुसत्या जळजळीलाही.

पाणी कमी पिण्याने होणारा दुसरा त्रास म्हणजे मुतखडा. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.